अरविंद निर्मल यांना चर्चने पचवले, आपण ओळखलेच नाही

१ जानेवारी ही तारीख आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ, १९२७ साली बाबासाहेबांनी तिथे दिलेली भेट, शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. पण बरोबर अकरा वर्षांनी, १ जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेब कुठे होते असे विचारले तर सोलापुरातले जुने कार्यकर्तेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्या दिवशी बाबासाहेब सोलापुरात होते, आणि इथल्या ख्रिस्ती समाजासमोर बोलत होते.

येवल्याच्या घोषणेला तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती. हिंदू म्हणून मरणार नाही हे ठरले होते, पण जायचे कुठे हे जाहीर झाले नव्हते. सगळ्या धर्मांचे पुढारी राजगृहाचे उंबरे झिजवत होते. अशा वेळी बाबासाहेब ख्रिस्ती लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की, धर्मांचा अभ्यास करताना दोनच व्यक्तिमत्त्वांनी त्यांच्या मनाची पकड घेतली, बुद्ध आणि ख्रिस्त. टाळ्यांसाठी एवढे पुरेसे होते. पण बाबासाहेब टाळ्यांवर थांबणारे नव्हते. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद ठाण मांडून बसला आहे हे त्यांनी त्याच लोकांना तोंडावर सांगितले. आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे पडला आहे, हेही सांगितले. या भाषणाचा वृत्तांत पुढे ‘जनता’मध्ये छापून आला.

‘बुद्ध आणि ख्रिस्त’ हे वाक्य आज मिशनच्या पत्रकांवर दिसते. पुढचे दोन आक्षेप कुणी छापत नाही. आपली माणसे तर या भाषणाची आठवणही काढत नाहीत, कारण ‘बाबासाहेबांना ख्रिस्त आवडत होता’ असे कुणी म्हणेल याची भीती वाटते. एवढी कसली भीती? ज्यांनी शेवटी बुद्ध निवडला त्यांनी आधी सगळे तपासले होते, यात आपला धम्म मोठाच होतो.

आम्ही आज लिहितो आहोत ते या दोन आक्षेपांबद्दल, आणि ज्या मराठी माणसाने आयुष्य घालून पहिल्या आक्षेपाला चर्चच्या आतून होकार दिला त्याच्याबद्दल. त्यांचे नाव अरविंद पी. निर्मल (१९३६–१९९५). जुळे सोलापुरातल्या आमच्या अभ्यासवर्गात वीस-बावीस पोरे बसतात. फुले, पेरियार, फ्रान्झ फॅनन, माल्कम एक्स सगळ्यांना माहीत. निर्मल एकालाही माहीत नाहीत. पोरांना दोष देत नाही. आमच्या एम.ए. समाजशास्त्राच्या दोन वर्षांत एम. एन. श्रीनिवास यांचे ‘संस्कृतीकरण’ आम्हाला इतक्या वेळा शिकवले गेले की झोपेतही लिहून दाखवू, पण निर्मल हे नाव एकदाही कानावर आले नाही.

निर्मल महाराष्ट्रातले, दलित ख्रिस्ती घरातले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाळक. (हे चर्च स्थापन झाले १९७० साली आणि तेही नागपुरात. दीक्षाभूमी आणि हा सोहळा यांत चौदा वर्षांचे अंतर. त्या सोहळ्यात कुणाला दीक्षाभूमीची आठवण झाली असेल का, हा आमचा आपला एक खवचट प्रश्न.) ते बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकवत. थिऑलॉजी म्हणजे ईश्वरविज्ञान, देवाविषयी पद्धतशीर विचार करण्याची विद्या. पाळक आणि बिशप याच विद्येत तयार होतात. चर्चच्या व्यासपीठावरून रविवारी काय बोलले जाईल हे बऱ्याच अंशी अशा कॉलेजांच्या वर्गात ठरते. १९८१ साली त्याच कॉलेजात निर्मल यांनी एक भाषण दिले. विषय होता शूद्रांचे ईश्वरविज्ञान. भारतातल्या ख्रिस्ती विचाराच्या इतिहासाला तिथून वळण लागले.

ते काय म्हणाले हे कळायला त्याआधीचे चित्र बघावे लागते. मराठी वाचकाला ख्रिस्ती माणसे कोण आठवतात? नेहेम्या गोरे, चित्पावन. नारायण वामन टिळक, चित्पावन. पंडिता रमाबाई, त्याही चित्पावन. बाबा पदमनजी तेवढे कासार. या माणसांची विद्वत्ता आम्ही नाकारत नाही, आणि रमाबाईंचे काम तर सनातन्यांच्या नाकावर टिच्चून केलेले आहे. पण हिशोब बघा. अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्ह्यात, सोलापूर भागात जे चर्च उभे केले ते भरले कुणी? महार-मांगांनी. आणि इतिहासात नाव कुणाचे? गोऱ्यांचे, टिळकांचे. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मप्रसारावर जे लिहून ठेवले आहे त्यातही हाच ठपका आहे की मिशनऱ्यांनी सुरुवातीचा काळ ब्राह्मणांच्या मागे लागण्यात घालवला. ब्राह्मण आला की बाकीचे आपोआप येतील, हा त्यांचा हिशोब. ब्राह्मण काही आले नाहीत. जे थोडे आले त्यांनी मात्र चर्चच्या बौद्धिक खोलीची किल्ली ताब्यात घेतली.

निर्मल यांनी नेमके यावर बोट ठेवले. त्यांचा आरोप असा की ‘भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञान’ म्हणून जे मिरवले जाते ते ब्राह्मणी परंपरेशी केलेले संभाषण आहे. बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ख्रिस्ताला शंकराचार्यांच्या अद्वैतात बसवले, तो ज्ञानमार्ग. ए. जे. अप्पासामी यांनी भक्तिमार्गात बसवले. पुढच्या काहींनी कर्ममार्ग धरला. ज्ञान, भक्ती, कर्म, तीनही वाटा त्याच वाड्यात जातात. ज्या माणसांना त्या वाड्याच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, आणि चर्चमध्ये बाकांवर बसलेली बहुसंख्य माणसे तीच होती, त्यांचा अनुभव या ग्रंथांमध्ये कुठे होता? मराठीतले उदाहरण द्यायचे तर टिळकांनी येशूवर अभंग रचले. गोड आहेत. पण ज्या चोखोबाला देवळाबाहेर उभे केले त्याचा सवाल त्या गोडव्यात कुठे ऐकू येतो?

सत्तरच्या दशकात दुसरी लाट आली. दक्षिण अमेरिकेत गुस्ताव्हो गुटिएरेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी मुक्तीचे ईश्वरविज्ञान मांडले: देव गरिबांच्या बाजूने आहे. भारतातल्या ख्रिस्ती विद्वानांनी ते उचलले, त्यासोबत मार्क्सचे वर्गविश्लेषणही उचलले. निर्मल यांनी तिथेही हटकले. पेरू-ब्राझीलमध्ये जात नव्हती म्हणून त्यांना ती दिसली नाही हे समजू शकते, पण भारतात राहून तुम्हाला दिसत नाही? आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये बाबासाहेबांनी समाजवाद्यांना हेच विचारले होते, आणि आजही डाव्या मित्रांना आपण हेच विचारतो. निर्मल सेमिनरीच्या वर्गात बसून तो लढा लढत होते.

सुरुवातीला ते ‘शूद्र’ म्हणाले, पुढे ‘दलित’ म्हणाले. हा शब्द त्यांना बायबलमध्ये सापडला नव्हता. तो मराठी मातीतून गेला होता. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी या शब्दाला धार दिली, दलित साहित्याने त्याला आवाज दिला. निर्मल मराठी होते, त्या साहित्याशी संवाद करणारा लेख त्यांनी लिहिला आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मद्रासच्या गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात गेले आणि तिथे दलित ईश्वरविज्ञान या विभागाचे प्रमुख झाले. तिथून १९९०च्या आसपास दलित ईश्वरविज्ञानावरचा वाचनसंग्रह त्यांनी संपादित केला. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीत, व्ही. देवसहायम यांच्यासोबत बाबासाहेबांवरचा अभिवादन ग्रंथही काढला. एका ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेतून. महाराष्ट्रात शताब्दीच्या नावाने काय काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे, पण हा ग्रंथ आपल्या किती वाचनालयांत आहे?

आता त्यांच्या मुख्य मांडणीकडे येऊ. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात यहुदी माणसाचे एक कबुलीवचन आहे: माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गुलाम झाला, देवाने आम्हाला सोडवले. निर्मल म्हणतात, यावरून मला माझा पूर्वज आठवतो. पण माझ्या पूर्वजाला त्या अरामी माणसाइतके भटकण्याचे स्वातंत्र्यदेखील नव्हते. तो गावाबाहेर बांधलेला होता, त्याच्या थुंकीचा, त्याच्या पावलांचा विटाळ होता. त्याचा इजिप्त म्हणजे त्याचे स्वतःचे गाव. म्हणून दलित ख्रिस्ती माणसाने देवाविषयी बोलायला सुरुवात करायची तर रोम किंवा काशीपासून नव्हे, त्या पूर्वजापासून करावी. आणि हे बोलायचा हक्क दलितांचा. दलितांनी, दलितांविषयी, दलितांसाठी. सवर्ण ख्रिस्ती मित्रांनी ऐकायला बसावे.

यावर चर्चमध्ये गदारोळ झाला नसता तरच नवल. ‘हा उलटा जातिवाद’, ‘ख्रिस्तात सगळे एक’. ओळखीची वाक्ये आहेत ना? आपल्याला मंडल आणि ॲट्रॉसिटीच्या वेळी ऐकवली जातात तीच, फक्त वर क्रूस लावलेला. ख्रिस्तात सगळे एक असतील तर तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत मेलेल्या ख्रिस्ती माणसांच्या मध्ये भिंत कशाला उभी राहिली? कॅथलिक चर्चला पहिला भारतीय दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, मिळायला २०२२ साल कशाला उजाडावे लागले? बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापुरात जे सांगितले त्याला चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती.

इथे आमचे निर्मल यांच्याशी एक भांडण आहे आणि ते लपवून त्यांना डोक्यावर घेणे आम्हाला जमणार नाही. यशयाच्या पुस्तकात दुःख सोसणारा एक सेवक आहे. ख्रिस्ती परंपरा त्याला येशूची सावली मानते. निर्मल ती सावली पुढे नेतात. देव जर सेवक असेल तर तो कुठला सेवक? धोबी, भंगी, हॉटेलातला वेटर अशी कामे करणारा. येशू दलित होता आणि त्याचा देवही दलित, इथपर्यंत ते जातात. वेदना आधी, सिद्धान्त आणि कृती नंतर, हे त्यांचे सूत्र.

बौद्ध म्हणून आम्हाला इथे ठेच लागते. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, मेलेले मांस सोडा म्हणून सांगितले. वतन सोडा म्हणून ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्या झाडूतून सुटण्यासाठी तीन पिढ्या राबल्या तो झाडू देवाच्या हातात देऊन त्याची आरती कशाला? गांधींनी भंगीकामाला पवित्र सेवा म्हटले तेव्हा आपण ते थुंकून टाकले. दुःखाला पुण्य चिकटवले की दुःख देणारा निर्धास्त झोपतो. बुद्धाने दुःख आहे असे सांगितले ते त्याचे कारण आणि त्याचा निरोध सांगण्यासाठी. दुःख भोगणाऱ्याने दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहावे असे त्याने कुठेही सांगितले नाही. आणि त्याने स्वतःला कुणाचा मुलगा, कुणाचा प्रेषित म्हणवले नाही.

पण भांडताना प्रामाणिक राहायचे तर निर्मल आणि गांधी यांना एका पंगतीत बसवता येत नाही. गांधी झाडू मारणाऱ्याला सांगत होते की तुझे काम थोर आहे, तू तेच कर. निर्मल झाडू मारणाऱ्याला उपदेश करत नव्हते. त्यांचे ऐकणारे होते पांढऱ्या झग्यातले पाळक, बिशप, युरोपातून आलेले प्राध्यापक. त्यांना ते विचारत होते: तुमचा देव भंगी आहे असे म्हणायची तुमची तयारी आहे का? नसेल तर तुमच्या प्रार्थनेचा पत्ता चुकला आहे. हा प्रश्न ज्याला टोचायचा त्याला टोचला. तरीही दुःखाच्या सूत्रात धोका आहेच. आणि पुढे चर्चच्या आतल्याच विद्वानांनी, विशेषतः दलित स्त्रियांनी, निर्मल यांच्या मांडणीत बाई कुठे आहे, फक्त वेदनेवर ओळख उभी करायची का, असे प्रश्न विचारले. म्हणजे विचार जिवंत होता.

जिवंत होता, पण राहिला कुठे? सेमिनरीच्या अभ्यासक्रमात. आज बंगळूर-चेन्नईत दलित ईश्वरविज्ञानाचा पेपर असतो, त्यावर प्रबंध होतात, परदेशात परिषदा होतात. पदवी घेऊन पोरगा पाळक होऊन गावी येतो आणि रविवारी व्यासपीठावर तेच आत्म्याच्या तारणाचे जुने प्रवचन करतो. धर्मप्रांताच्या निवडणुकीत उपजातींची गणिते मांडली जातात, मिशन कंपाउंडच्या जमिनींवर कोर्टकज्जे चालतात. निर्मल यांना चर्चने विरोध करून संपवले असते तर एक वेळ परवडले असते. चर्चने त्यांना शंभर मार्कांचा पेपर करून ठेवले. मनुवादी छावणी बाबासाहेबांच्या पुतळ्यांचे जे करते त्याचीच ही थोडी सुशिक्षित आवृत्ती आहे.

हे झाले त्यांचे. आता आपल्याकडे वळतो, कारण हा लेख मुळात आपल्या पोरांसाठी आहे.

बाबासाहेबांचा दुसरा आक्षेप राजकीय होता. तो आज एका आदेशात अडकून पडला आहे. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध आले १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या काळात. मधली चौतीस वर्षे आपल्या बापजाद्यांनी काय काय केले हे घरी विचारा. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’, असे किती जणांना करावे लागले? महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना आधीच सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी धर्म खिशात लपवावा लागत होता. हीच गत आज दलित ख्रिस्ती माणसाची आहे. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. आणि हे उघड झाले की तो फसवणूक करणारा ठरतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, संविधान दिनालाच, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात आरक्षणापुरते हिंदू म्हणवणे ही संविधानाशी फसवणूक आहे असे म्हटले. माणसाला खोटे बोलायला कोण भाग पाडते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

नोकरी सोडा. अनुसूचित जात नाही म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. जातीवरून मारहाण झाली तर मारणाऱ्याला त्याची जात पक्की ठाऊक असते, फक्त पोलिसाच्या रजिस्टरात ती नसते. सोलापूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे, पण इथला दलित ख्रिस्ती त्या राखीव जागेवर उभा राहू शकत नाही.

आमच्या अभ्यासवर्गात यावर एक हुशार पोरगा म्हणाला, ‘सर, ख्रिस्ती धर्मात जात नाही ना, मग त्यांना कशाला पाहिजे?’ आम्ही विचारले, ‘धम्मात आहे का रे?’ पोरगा गप्प. जात धर्माच्या पुस्तकात राहत नाही, ती गावात राहते, सोयरिकीत राहते, भाड्याने घर देणाऱ्याच्या चौकशीत राहते. १९९० साली हेच मान्य करून आपल्याला हक्क मिळाला. दुसरा म्हणाला, ‘आपल्या वाट्यातून जाईल.’ ही भीती खरी आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. वाटेकरी वाढतील तर वाटा वाढला पाहिजे, ही मागणी सोबतच लावून धरावी लागेल. पण ‘वाट्यातून जाईल’ हा युक्तिवाद १९९०च्या आधी आपल्याविरुद्धही वापरला गेला होता. तेव्हा तो अन्याय होता आणि आता तो शहाणपणा, असे कसे?

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नये. ती धूळ खात पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला आणि त्याची मुदत वाढवण्यात आली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात काय म्हटले ते प्रत्येक आंबेडकरवाद्याने समजून घ्यावे. बौद्ध झालेले लोक १९५६ साली डॉ. आंबेडकरांच्या हाकेवर सामाजिक-राजकीय निकडीतून स्वेच्छेने गेले, त्यांची मूळ जात निश्चित सांगता येते. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. असा तो युक्तिवाद.

बाबासाहेबांच्या नावाची भिंत करून आपल्याच रक्ताच्या माणसांना बाहेर ठेवले जाते आहे. ज्या लोकांसमोर बाबासाहेब सोलापुरात उभे राहिले, ज्यांना ते राजकारणात मागे पडू नका म्हणून सांगून गेले, त्यांच्याविरुद्ध कोर्टात बाबासाहेबच उभे केले जात आहेत. आणि आपण गप्प. उलट आपल्यातले काही ‘ते बाटगे, त्यांचे त्यांनी बघावे’ म्हणतात. बाटगा हा शब्द कुणाचा आहे हो? तो शब्द आपल्यालाही लावला गेला होता. तो उचलून भावाच्या अंगावर फेकताना हात विटाळत नाही?

ख्रिस्ती पुढाऱ्यांनाही सांगणे आहे. दरवर्षी १० ऑगस्टला तुम्ही काळा दिवस पाळता, निवेदन देता, फोटो काढता. पण दिल्लीकडे समानता मागताना आपल्या धर्मप्रांतातली जात झाकून ठेवता. चर्चमध्ये जात आहे हे कबूल केल्याशिवाय अनुसूचित जातीचा दर्जा कुठल्या तोंडाने मागणार? निर्मल यांनी हे कबूल करून घेण्यातच हयात घालवली. त्यांचे नाव घ्यायचे तर त्यांचा प्रश्नही घ्यावा लागेल.

निर्मल इंग्रजीत लिहीत राहिले, कारण सेमिनरीची भाषा इंग्रजी. ज्या मराठीतून ‘दलित’ हा शब्द त्यांनी नेला त्या मराठीत आम्हाला त्यांचा एकही लेख वाचायला मिळालेला नाही. अभ्यासवर्गातल्या तिघांनी त्यांच्या दलित ईश्वरविज्ञानावरच्या मुख्य निबंधाचे भाषांतर सुरू केले आहे. दोघे बौद्ध, एक ख्रिस्ती. ‘पॅथॉस’ला ‘वेदना’ म्हणायचे की ‘दुःख’ यावर पंधरा दिवस भांडण चालू आहे, आणि ते धम्माच्या अंगाने कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. येत्या १ जानेवारीला कोरेगावला जाणारी गाडी नेहमीप्रमाणे जाईलच. परत आल्यावर त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जुळे सोलापुरात बाबासाहेबांचे १९३८चे भाषण आणि निर्मल यांचा निबंध, दोन्ही मोठ्याने वाचू. चर्चमधल्या मित्रांना बोलावणे गेले आहे. दोघांनी येतो म्हटले आहे, एक पाळक बघतो म्हणाले आहेत.

जय भीम.